नोटरी (लेखप्रमाणक)

नोटरी : दस्तऐवजांचे निष्पादन, शपथपत्रे, मुखत्यारपत्रे व मूळ कागदांच्या प्रती यांचे आपल्या सही-शिक्क्यानिशी प्रमाणन करणारा शासननियुक्त विधिव्यवसायी. अमुक व्यक्तीने अमुक दिवशी आपल्यासमक्ष सही केली, एवढेच दस्तावरील नोटरीचे प्रमाणन सांगते. त्यामुळे मजकूर सत्य ठरत नाही आणि दस्त करून देणाऱ्याजवळ नसलेला हक्क घेणाऱ्यास मिळत नाही.

‘नोटेरियस’ म्हणजे लेखनिक, या लॅटिन शब्दापासून ही संज्ञा आली. पोर्तुगालसारख्या देशांत नोटरी हा दस्ताचा मसुदा स्वतः करणारा व तो आपल्या दप्तरी राखणारा विधिज्ञ बनला. गोव्यात ही परंपरा टिकून असून वारस-घोषणेचे दस्त तेथे २०१२ च्या राज्य अधिनियमान्वये विशेष नोटरीपुढे होतात. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांकडे होती. तथापि तेथील आजचा नोटरी ब्रिटिश विधिपरंपरेतील आहे. ब्रिटिश अमदानीत भारतातील नोटरींची नेमणूक कँटरबरीच्या आर्चबिशपच्या अखत्यारातील इंग्लंडमधील अधिकाऱ्याकडून होई. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ ने शासनास नोटरी नेमण्याचा मर्यादित अधिकार दिला. पुढे संमत झालेला नोटरी अधिनियम, १९५२ हा १४ फेब्रुवारी १९५६ पासून अंमलात आला. त्यानुसार केंद्र व राज्य शासने नोटरींची नेमणूक करतात. वकिलास सामान्यतः दहा वर्षांचा अनुभव आवश्यक असतो. व्यवसाय-प्रमाणपत्र पाच वर्षांचे व ठराविक क्षेत्रापुरते असते.

शपथ देणे, दस्तांचे निष्पादन साक्षांकित करणे, भाषांतर पडताळणे, तसेच हुंडी किंवा वचनचिठ्ठी न वटल्यास त्या अनादराची नोंद करणे ही नोटरीची प्रमुख कामे होत. सही करणाराने ओळखीच्या पुराव्यासह स्वतः हजर राहावे, मजकूर समजून घ्यावा व नोटरीसमक्ष सही करावी, असा संकेत आहे. नोटरीने आपल्या नोंदवहीत कृत्याची नोंद करावयाची असते. तिचा अनुक्रमांक दस्तावर असल्यास पुढे पडताळणी सुलभ होते. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करणे धोक्याचे असते. महाराष्ट्रात २०१५ पासून अनेक शासकीय कामांत शपथपत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र चालते.

नोटरीचे प्रमाणन व दस्ताची नोंदणी यांतील भेद स्थावर मिळकतीच्या व्यवहारात निर्णायक ठरतो. उदा., पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील गास येथील एखादी बागायती वाडी वडिलार्जित व सामाईक आहे, असे समजू. एका हिस्सेदाराने ती मुद्रांकावर लिहून नोटरीकडून प्रमाणित केलेल्या कागदाने विकली, तर सही त्याचीच असल्याचे दिसते. परंतु घेणारा मालक होत नाही आणि इतर हिस्सेदारांचा हक्कही बुडत नाही. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. असे खत मुद्रांक शुल्क भरून सामान्यतः निष्पादनापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे सादर करावे लागते. केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप खटल्यात स्पष्ट केले. म्हणून पैसे देण्यापूर्वी सातबारा उतारा, फेरफार व पूर्वीचे नोंदणीकृत दस्त तपासणे आवश्यक ठरते.

हिस्सेदार परदेशी असल्यास नोटरीचे महत्त्व वाढते. मुखत्याराने मुखत्यारपत्राच्या आधारे दस्त नोंदणीस सादर करावयाचा असेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ नुसार भारतात राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर व्हावे लागते. परदेशस्थाचे मात्र नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर चालते. असे पत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावयाचे असते. परदेशी नोटरीची सही भारतात मान्य होण्यासाठी, तो देश १९६१ च्या हेग कराराचा सदस्य असल्यास, ‘अपोस्टील’ हे प्रमाणपत्र जोडतात. भारतापुरता हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अपोस्टीलनेही केवळ सही, शिक्का व सही करणाराचा अधिकार प्रमाणित होतो. मजकुराची जबाबदारी दस्त करून देणाऱ्यावरच राहते.