खोटा वासुदेव, खोटा भाऊ

रुक्मिणीचे माहेर वर्धेकाठचे कौंडण्यपूर, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असते. तिच्या भावाचे गाव मात्र आम्हा भातकुलीकरांनाच सांगावे लागते. रुक्मिणीहरणाच्या वेळी पाठलाग करणाऱ्या रुक्मीला कृष्णाने हरवले आणि दाढीमिशा अर्धवट भादरून सोडून दिले. तशा तोंडाने माघारी कसे जायचे? म्हणून त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसवले. ते भोजकट म्हणजेच भातकुली, अशी इकडची परंपरा.

त्या लग्नाला शिशुपालाच्या बाजूने आलेल्या राजांत पौंड्रक होता. भागवत सप्ताहात दशम स्कंधाचा ६६ वा अध्याय लागला, की मी सरसावून बसतो. भोवतीच्या खुळ्यांनी ‘खरा वासुदेव तुम्हीच’ म्हणून पौंड्रकाला चढवले आणि गड्याला ते पटले! त्याने द्वारकेला दूत धाडून कृष्णाला फर्मावले, की माझी चिन्हे टाक आणि शरण ये. भर सभेत उग्रसेनासकट सारे खो खो हसले. पुढे काशीजवळ गाठ पडली, तेव्हा समोर पीतांबर, शंख, चक्र, कौस्तुभ, ध्वजावर गरुड, सगळे हुबेहूब! रंगभूमीवरच्या नटासारखा तो सजलेला पाहून कृष्णालाही हसू आवरेना. ऐन रणांगणावर केलेली इतकी नेमकी थट्टा आपल्या पुराणांत क्वचितच सापडेल. (खुशमस्कऱ्यांचे पुढे काय झाले, ते व्यासांनी सांगितलेले नाही. ती मंडळी नेहमीच निसटतात.)

चार्ली चॅप्लिनने १९४० साली ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये हीच गाठ उलटी बांधली. हिटलर आणि चॅप्लिन दोघेही एप्रिल १८८९ चे, अवघ्या चार दिवसांच्या अंतराने जन्मलेले, मिशीही तसलीच. चित्रपटात हुकूमशहा हिंकेल आणि गरीब ज्यू न्हावी, दोन्ही चॅप्लिनच. इथे तोतया मुद्दाम झालेला नाही. गणवेशामुळे शिपाई न्हाव्यालाच हुकूमशहा समजतात, आणि खऱ्याला पकडून नेतात. सलाम माणसाला नसून कापडाला असतो, हे त्याने हसवत हसवत दाखवले. पुढे १९६४ च्या आत्मचरित्रात मात्र त्याने लिहिले, की छळछावण्यांतली खरी भीषणता आधी कळली असती, तर हा चित्रपट आपल्याला करता आला नसता.

आपल्याकडचा प्रसंग याहून अवघड आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. काही वर्षांनी सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. तो कैदेत पडला, १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटला आणि कोकणात त्याच्यामागे फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. इंग्रजांशी तंटा चालू असतानाच पुणे दरबारावर ही आपत्ती आली. अखेर त्याला पकडून त्याच वर्षी देहदंड दिला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले.

पौंड्रकाला लोक हसले, या तोतयाला का हसले नाहीत? मला वाटते, त्याच्या मागे गेलेले सगळेच खुळे किंवा लबाड नव्हते. पानिपताहून कित्येक घरांत ना माणूस परतला, ना पक्की खबर आली. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही येईल, असे कुणाला वाटले नसेल? खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसले नाही.