गोधडीच्या घरात कोणतं मशीन?

दिवाळीच्या सवलतीत शिलाई मशीन घ्यायला गेलं की दुकानदार आधी टाक्यांचा आकडा सांगतो. नक्षीचे टाके जितके जास्त, तितकी किंमत जास्त. पण धारवाडच्या पश्चिमेला तलावाकाठच्या केलगेरीत, किंवा सीमाभागातल्या कोणत्याही घरात, मशीनवर प्रत्यक्ष काय शिवलं जातं? ब्लाउज, परकर, पोरांचे कपडे, पडदे, उशांचे अभ्रे आणि जुन्या लुगड्यांची कौदी, म्हणजे आपली गोधडी. यांतलं जवळजवळ सगळं काम एकाच सरळ टाक्यावर होतं. म्हणून मशीन निवडताना टाके मोजू नयेत, जाड थर ते सारखे ओढतं का हे पाहावं.

सरळ टाक्याची ताकद पाहायची तर हुबळीच्या बेंगेरीत पाहावी. 1957 साली स्थापन झालेला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ तिथे राष्ट्रध्वज तयार करतो. ध्वजाची ठरलेली मापं नऊ. सर्वांत मोठा 21 बाय 14 फुटांचा. तीन रंगांच्या पट्ट्या शिवणीनं जोडलेला एवढा मोठा ध्वज वाऱ्यापावसात फडकत राहतो. गोधडीचे तुकडे जोडताना यापेक्षा वेगळं काय लागतं? टाका सारखा पडावा, शिवण सरळ जावी, एवढंच.

खरी परीक्षा थर एकत्र शिवताना होते. सुईखालचे दाते फक्त खालचं कापड पुढे ओढतात. वरचं कापड दाबाच्या पायाखाली अडतं, मागे राहतं आणि शेवटी चुण्या पडतात. म्हणून पायाचा दाब कमी-जास्त करता येतो का, टाका 4 मिलिमीटरपर्यंत लांब होतो का, दाते खाली घेता येतात का आणि वॉकिंग फूट बसतो का, हे आधी विचारावं. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असल्यानं दोन्ही बाजूंचं कापड बरोबर सरकतं. सुई 16 किंवा 18 नंबरची लावावी. सुई आणि खांब यांच्यामधली जागाही पाहावी. तिथे गुंडाळलेली गोधडी मावलीच नाही तर मधला भाग शिवणार कसा?

मशीन असताना हातानं धावदोरा कशाला घालायचा, असं कोणी विचारेल. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी स्त्रिया कडेपासून मध्यापर्यंत हातानंच टाके घालत कौदी पुरी करतात आणि कोपऱ्यांत दुमडलेल्या कापडाची फुलं बसवतात. त्यामागे परंपरा आहे तसं व्यवहारज्ञानही आहे. विरलेल्या लुगड्यावर मशीनचे दाट टाके पडले की भोकांच्या रांगेवर कापड फाटतं. धावदोरा विरळ आणि सैल असल्यानं कापडाला जाच होत नाही. तेव्हा तुकडे मशीननं जोडावेत आणि जुन्या कापडाचे थर हातानं शिवावेत. नव्या सुती कापडाची गोधडी मात्र लांब टाक्यानं मशीनवर खुशाल शिवावी.

दुसरा आक्षेप झिगझॅगचा. कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून तो हवा, असं सांगतात. सुती कपड्यात कडा आत दुमडून दुहेरी शिवण घातली की ते भागतं. टी-शर्टासारखं ताणणारं कापड नेहमी शिवायचं असेल, तर मात्र झिगझॅग खरोखरच लागतो आणि त्याचे पैसे द्यावेत. गुडघे दुखत असतील तर पायमशीनला मोटर बसवता येते. वीज गेली तरी पट्टा पुन्हा पायडलवर चढवता येतो. शिंप्याचं वेगवान मशीन दिवसभराच्या धंद्यासाठी असतं; नवख्या हाताला त्याचा वेग आवरत नाही. लहान फ्लॅटमध्ये उचलून ठेवता येणारं इलेक्ट्रिक मशीन सोयीचं खरं, पण जड गोधडी ओढताना हलकं मशीन टेबलावर सरकतं.

एकूण हिशेब मांडला तर बहुतेक घरांना लोखंडी बॉडीचं, सरळ टाक्याचं काळं पायमशीन पुरतं. त्याचे सुटे भाग सहज मिळतात, दुरुस्ती गावात होते, आणि दमट हवेत वेळच्या वेळी तेल दिलं तर ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. दुकानात जाताना घरच्या जुन्या साडीचे चार-सहा पदर आणि जीन्सचा एक तुकडा सोबत न्या. ते स्वतः शिवून, उलटून दोन्ही बाजूंचा टाका पाहा आणि मगच पैसे मोजा.