फुकट आणि मुक्त

काही वर्षांपूर्वी मी नव्या कवींचा एक संग्रह संपादित केला. प्रत्येक कवीचं संमतीपत्र घेतलं होतं. पुस्तक छापखान्यात गेलं आणि लक्षात आलं, एका कवितेतल्या चार ओळी दुसऱ्याच कुणाच्या अनुवादातल्या आहेत. त्या अनुवादकाला कुणीच विचारलं नव्हतं. छपाई थांबली, कविता काढावी लागली. चूक माझीच. वरची सही पाहिली, आत पाहिलं नाही.

हे ऐकून माझा भाचा म्हणाला, "मामू, आमचं तर रोजचं काम हेच!" तो फावल्या वेळात 'डेबियन'साठी काम करतो. इयन मरडॉक यांनी १९९३मध्ये सुरू केलेली ही संगणकप्रणाली जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. मला त्यानं सोपं करून सांगितलं. कुठलाही प्रोग्रॅम एकटा नसतो. चित्र दाखवायला तो एका तयार तुकड्यावर विसंबतो, अक्षरं मांडायला दुसऱ्यावर. त्या तुकड्यांना आणखी तुकडे लागतात. प्रोग्रॅमचं पॅकेज बांधण्याआधी भाचा ही सगळी वंशावळ काढतो आणि प्रत्येकाचा परवाना वाचतो. कुणाचा हक्क, कोणता परवाना, हे पॅकेजमध्ये लिहून ठेवतो. नव्या पॅकेजची मग दुसरे स्वयंसेवक पुन्हा तपासणी करतात.

फुकट मिळालेलं मुक्त असतंच असं नाही. मुक्त म्हणजे कुठल्याही कामासाठी वापरा, आतली रचना वाचा, बदला, बदललेलं इतरांना द्या. डेबियननं याचे नियम १९९७मध्येच लिहून ठेवले. परवानाच नसेल तर? तर कायद्यानं सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. आणि प्रोग्रॅम स्वतः मुक्त, पण ज्याच्यावर उभा तो तुकडा मुक्त नाही, असं झालं तर त्याला डेबियनच्या मुख्य विभागात जागा नाही.

'केडीई'चं तसंच झालं. ती 'क्यूट' नावाच्या तुकड्यावर उभी होती आणि दोघांच्या परवान्यांतल्या अटी जुळत नव्हत्या. १९९८मध्ये डेबियननं केडीई वाटणं थांबवलं. लोकांना ती हवी होती, तरीही. २००० साली क्यूट जीपीएल परवान्याखाली आलं, तेव्हा वाट मोकळी झाली.

दुसरं उदाहरण मला जास्त भिडलं. 'जेसन'च्या एका परवान्यात अट आहे : हे चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको. मी म्हटलं, "किती सुंदर!" भाचा म्हणाला, "सुंदर आहे, पण मुक्त नाही. चांगलं काय, हे ठरवणार कोण?" मी गप्प झालो. आपल्याविषयी दुसऱ्यानं चांगलं-वाईट ठरवणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी त्या अनुवादकाला पत्र लिहिलं, आधी माफी, मग विनंती. आठवड्यात पोस्टकार्ड आलं : 'अवश्य छापा.' कविता संग्रहात परतली. त्या चार ओळींखाली आता त्यांचं नाव आहे.