परदेशी मुक्कामातील गणेशोत्सव

लेकाकडे वा लेकीकडे सहा महिने अमेरिकेत राहून येणारी वृद्ध दांपत्ये आता अकोटातही आढळतात. गावी नरसिंग महाराजांच्या मंदिरात सायंकाळी चार माणसे सहज भेटतात. तेथे मुले दिवसभर कामावर, ओसरी नाही, आणि मोटारीवाचून देवळाची वाट नाही.

सत्संग लाभतो तो शनिवार-रविवारी. न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधील गणेशमंदिर १९७७ चे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचे. मंडळांचे उत्सव बहुधा सुटीच्या वारी होतात म्हणून नाक मुरडणारे आहेत. आम्हांस त्यात दोष दिसत नाही. घरची स्थापना मात्र तेथील मध्याह्नाची चतुर्थी पाहूनच करावी. ती कधी आपल्या आदल्या तारखेस पडते. संकल्पातील देशोच्चारही बदलतो, हे पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही.

उरल्या लांबलचक दुपारी. चाळीस वर्षे संसाराच्या धबडग्यात उभयता स्वस्थपणे बोललीच नाहीत, तर आता पोथी उघडावी. एकाने वाचावे, दुसऱ्याने अर्थ विचारावा, मतभेद झाल्यास भांडावेही. आरतीस दोनच कंठ असले तरी झांज वाजवावी. घरांच्या भिंती बहुधा लाकडी असतात, तेव्हा जरा हळू.