लक्षात राहते म्हणजे काय?

"माझ्या डोक्यात काही राहतच नाही," हे वाक्य वसतिगृहात परीक्षेच्या सुमारास हमखास कानी पडते. ज्या घरातून शाळेची पायरी चढणारी पहिलीच पिढी येते, तेथील मूल या वाक्याचा अर्थ फार पुढे नेते. आपल्या वाट्याला बुद्धीच कमी आली, असे ते धरून चालते. स्मरणशक्ती जन्मतःच मिळते किंवा मिळत नाही, ही समजूत त्यामागे असते. मानसशास्त्राने मांडलेली स्मृतीची प्रारूपे पाहिली म्हणजे या समजुतीतील उणीव ध्यानात येते.

रिचर्ड अ‍ॅटकिन्सन व रिचर्ड शिफ्रिन यांनी १९६८ साली तीन कोठारांचे प्रारूप मांडले. ज्ञानेंद्रियांनी टिपलेले सारे प्रथम वेदनिक स्मृतीत येते आणि पाहता पाहता विरते. ज्याकडे आपण लक्ष देतो, तेवढेच अल्पकालीन स्मृतीत उतरते. तेथेही उजळणी झाली नाही, तर ते साधारण अर्ध्या मिनिटात निसटते. उजळणी झालेली माहिती दीर्घकालीन स्मृतीत जाते व वर्षानुवर्षे टिकू शकते. मुळशीच्या धुवांधार पावसाकडे खिडकीतून पाहत बसलेला विद्यार्थी धडा विसरतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो धडा आत शिरलेलाच नसतो.

मधल्या कोठारात जागा फार थोडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ती सुमारे सात घटकांची, दोन अधिक वा दोन उणे, असल्याचे मांडले. पुढील संशोधकांनी ती चारच्या आसपास आणली. मात्र 'घटक' कशाला म्हणावे, हे आपल्या पूर्वज्ञानावर अवलंबून असते. १, ४, १, ०, १, ९, ५, ६ हे आठ अंक परक्या माणसाला एका दमात लक्षात ठेवणे कठीण जाईल. आपल्या शाळेतील लहानग्यालाही तो एकच घटक वाटेल : १४ ऑक्टोबर १९५६, नागपूरच्या धम्मदीक्षेचा दिवस. जागा दोघांनाही सारखीच आहे. फरक आधीच्या ओळखीचा आहे.

अ‍ॅलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली या प्रारूपात महत्त्वाची दुरुस्ती केली. मधले कोठार केवळ साठवणीचे नसून तेथे विचाराचे काम चालते, म्हणून त्यांनी त्यास कार्यरत स्मृती म्हटले. तिचा एक भाग शब्दांचा नाद घोळवतो, दुसरा आकृती व जागा सांभाळतो आणि या दोहोंवर लक्षाचे नियंत्रण असते. तोंडी हिशेब करताना शेजारी कोणी मोठ्याने बोलू लागले की हातचा विसरतो, त्याचे कारण हेच.

दीर्घकालीन स्मृतीही एकजिनसी नाही. एन्डेल टुल्व्हिंग यांनी १९७२ साली घटनात्मक व अर्थविषयक स्मृती वेगळ्या केल्या. वसतिगृहातील पहिली रात्र आठवणे ही घटनात्मक स्मृती होय. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रह १९२१ साली सुरू झाला, हे ठाऊक असणे ही अर्थविषयक स्मृती होय. भातलावणीला लागलेले हात विचार न करता रोप रोवतात, ती कौशल्याची स्मृती याहून निराळी. ज्या मुलाला कविता पाठ होत नाही, त्याचे हात लावणी विसरत नाहीत. मग त्याची स्मृती अधू आहे, असे कसे म्हणावे?

उजळणी कशी करावी, हेही संशोधनाने दाखविले आहे. फर्गस क्रेक व रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२ साली प्रतिपादन केले की, शब्दाच्या रूपाहून त्याच्या अर्थावर विचार केल्यास तो अधिक टिकतो. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत, उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले.

हे ज्ञान आपल्या परिसराला अपरिचित नव्हते. शेजारच्या मावळातील कार्ले लेणीत एका स्तंभावर सोपाऱ्याच्या भाणकाचे दान कोरलेले आहे. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत ठेवून म्हणणारा भिक्खू. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिपिबद्ध होईपर्यंत ते अशाच भिक्खूंच्या मुखी टिकले. त्यांनी ग्रंथांचे भाग वाटून घेतले, ठरावीक वाक्यरचनेची पुनरावृत्ती केली आणि संघात बसून एकत्र पठण केले, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या कानी येई.

म्हणून "डोक्यात राहत नाही" असे म्हणणाऱ्या मुलाला आपण तीन प्रश्न विचारावेत. ऐकताना लक्ष होते का? आधी ठाऊक असलेल्या कशाशी ते जोडले का? पुस्तक मिटून ते स्वतःच्या शब्दांत मित्राला सांगून पाहिले का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर जन्मावर अवलंबून नाही. तिन्ही गोष्टी सरावाने साधतात, आणि सरावाला सोबत लागते. ती देण्यासाठी वसतिगृहाहून चांगली जागा कोणती?