ग्रँट डफ : एका हाती तह, दुसऱ्या हाती बखर

१८१८ च्या फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले आणि पेशव्यांच्या छावणीत असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मराठ्यांचा पहिला विस्तृत व साधार इंग्रजी इतिहासही याच घटनेच्या पोटी जन्मला, हे मात्र सहसा ध्यानी घेतले जात नाही.

प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविल्यावर एल्फिन्स्टनने त्यांच्याजवळ कॅप्टन जेम्स ग्रँट याची नेमणूक केली. १७८९ साली स्कॉटलंडमधील बँफ येथे जन्मलेला हा अधिकारी तेव्हा अवघा २८ वर्षांचा होता. ‘डफ’ हे उपनाव त्याने पुढे मायदेशी वारशाच्या निमित्ताने घेतले. १८२२ पर्यंत राज्याचा कारभार वस्तुतः तोच पाहत होता. १८१९ चा साताऱ्याचा तह त्याच्याच कारकिर्दीतला. अक्कलकोट, फलटण, जत, औंध आदी जहागीरदारांशी १८२० मध्ये करारही त्यानेच केले.

या धबडग्यातून सवड काढून त्याने बखरी, सनदा व फार्सी तवारिखा जमविल्या. खुद्द महाराजांनी आपले कागद त्याला मोकळे करून दिले. प्रकृती ढासळल्याने तो मायदेशी परतला आणि १८२६ मध्ये लंडनला त्याचा त्रिखंडात्मक इतिहास प्रसिद्ध झाला. ग्रंथारंभी पाटील-कुलकर्णी, बलुतेदार व वतने यांचे त्याने केलेले विवेचन आजही अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने वाचावे असे आहे. परंतु या गावगाड्याचा आणि स्वराज्याच्या उदयाचा संबंध काय, हा प्रश्न त्याने पुढे सोडून दिला. लढाया आणि तह यांतच त्याची लेखणी रमली. मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीतील वणव्यासारखा, जवळजवळ आकस्मिक वाटला.

केपनच्या भाषांतरामुळे हीच दृष्टी मराठी शाळांत रुजली. तिला पहिले खणखणीत आव्हान दिले ते १८६७ मध्ये, नीळकंठ जनार्दन कीर्तने या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने! १८९८ मध्ये राजवाडे यांनी साधनांचा पहिला खंड काढला, तर १९०० मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी त्या उदयामागील सामाजिक व धार्मिक जागृती उलगडून दाखविली.

दरम्यान साताऱ्यास काय घडले? परराज्यांशी पत्रव्यवहार न करण्याचे कलम १८१९ च्या तहात होते. ते मोडल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. ज्या राजाने इतिहासासाठी आपले कागद उघडले, त्याचे राज्य कागदावरच्या एका कलमाने गेले!

ग्रँट डफला दोष देणे सोपे आहे. मात्र त्याच्यावर मात केली ती नवी साधने शोधणाऱ्यांनी. आपल्या जिल्ह्यातील जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर अजूनही मोडी रुमाल कसरीच्या तोंडी असतील, तर ते वाचविणे आणि मोडी वाचू शकणारे विद्यार्थी तयार करणे, हेच कीर्तन्यांच्या वारसदारांचे काम होय.