संदर्भ हवा!

थंडी पडू लागली की आमच्या घरात लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. यंदा मुलीने मोबाईलवर विकिपीडिया उघडला आणि एलिझाबेथ झिमरमन या विणकामावर लिहिणाऱ्या बाईंचा लेख आम्हाला वाचून दाखवला. मध्येच थांबून तिने विचारले, "पप्पा, पण हे खरे कशावरून?"

प्रश्न ऐकून बरे वाटले. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो उपदेश लोकरीच्या स्वेटरलाही लागू आहे!

या बाई १९१० साली इंग्लंडमध्ये जन्मल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. त्यांचे 'निटिंग विदाऊट टिअर्स' हे पुस्तक १९७१ साली निघाले. छापील नमुन्यातील आकडे निमूटपणे पाळू नका, स्वतः हिशेब करा, ही त्यांची शिकवण. स्वेटरचा घेर ४० इंच आणि इंचाला ५ टाके, तर एकूण २०० टाके. हे झाले शंभर टक्के. त्याच्या २० टक्के, म्हणजे ४० टाके, बाहीच्या मनगटाला. माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या कारकुनालाही विणकाम कळावे, इतके सोपे!

आता आधाराचे पाहू. ऑफिसात व्हाउचरशिवाय खर्चाची नोंद होत नाही. ज्ञानकोशात संदर्भ म्हणजे व्हाउचरच. तो नसेल तर त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण कोणीही करू शकतो. पण नुसती खूण करून पुढे जाण्यापेक्षा आधार शोधून जोडणे हे खरे काम. विकिपीडियावर ते कोणालाही करता येते.

मात्र कोणत्या विधानाला कोणता आधार चालतो, हे कळले पाहिजे. बाईंची टक्केवारीची पद्धत सांगायची तर त्यांचे स्वतःचे पुस्तक चालेल. त्यात प्रकाशक, साल आणि पान क्रमांक द्यावा. पण 'त्यांनी विणकामाला नवे वळण दिले' असे लिहायचे तर त्यांचेच पुस्तक किंवा त्यांनी काढलेल्या प्रकाशन संस्थेची जाहिरात पुरेशी नाही. आपली शिफारस आपणच कशी करणार? तेथे तिऱ्हाइताची साक्ष लागते. बाई १९९९ च्या नोव्हेंबरात वारल्या, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यांच्यावर मृत्युलेख छापला. अशा लेखाची तारीख व लेखकाचे नाव दिले की नोंद पक्की होते.

येथेच मन अडखळते. बायकांच्या हातच्या कामाला वर्तमानपत्रे सहसा जागा देत नाहीत. जागा नाही म्हणून आधार नाही, आणि आधार नाही म्हणून ज्ञानकोशात नाव नाही. झिमरमनबाईंना निदान मृत्युलेख मिळाला. आपल्या आया-आज्यांचे काय? १९२७ च्या महाडच्या आणि १९३० च्या नाशिकच्या सत्याग्रहात स्त्रिया होत्या. त्यांतल्या किती जणींची नावे कोणी छापली? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील वृद्ध स्त्रियांना भेटून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्या आठवणी बाईबरोबरच चितेवर गेल्या असत्या. आज तेच पुस्तक संदर्भ म्हणून पुढे ठेवता येते.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला. ज्यांची दखल दुसरे घेत नाहीत, त्यांनी आपले पत्र चालवावे, हा धडा त्यातून मिळाला. म्हणून वाचक भगिनी-बंधूंना दोन विनंत्या. आपल्या साप्ताहिकांचे जुने अंक रद्दीत देऊ नका. तारीख दिसेल असे जपून ठेवा. आणि महिला मंडळाच्या कार्यक्रमाची बातमी पाठवताना 'बहुसंख्य महिला उपस्थित होत्या' एवढ्यावर भागवू नका. प्रत्येकीचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहा. 'सौ. कांबळे' असे अर्धे नाव नको, तिचे स्वतःचे नाव हवे.

पन्नास वर्षांनी एखादी नात विचारील, "आजी होती, हे खरे कशावरून?" तेव्हा तिच्या हातात हा अंक असला पाहिजे.